कोजागिरीची खीर, अडुळशाचा काढा आणि पंप : दम्यात कशाचं काम किती?

कोजागिरी जवळ आली की विदर्भातल्या गावागावांत फोनवर एक मजकूर फिरू लागतो. अमुक गावी, अमुक मंदिराच्या आवारात, रात्री बारा वाजता खिरीतून दम्याचं औषध मिळेल, येताना वाटी आणावी, रात्रभर झोपू नये. जूनमध्ये मृग लागला की हैदराबादच्या माशाची चौकशी सुरू होते. मरळीच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळं औषध भरून ते गिळायचं, आणि शाकाहारी असाल तर तेच औषध गुळातून घ्यायचं. उरलेले महिने आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून बसलेला जडीबुटीवाला असतो, मेडिकलच्या काउंटरवर ‘इम्युनिटी’च्या बाटल्या असतात, आणि पुण्यातल्या भाच्यानं ऑनलाइन मागवून पाठवलेला हळद-मिऱ्याच्या कॅप्सूलचा डबाही घरात असतो.

या सगळ्यात काही तथ्य आहे का? थोडं आहे. ते कुठवर आहे हे ठाऊक नसणं मात्र दमेकऱ्याला महागात पडतं. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत असा अंदाज आहे, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. रोगाचं निदान उशिरा होणं आणि रोज घ्यायचं औषध रोज न घेणं, ही त्यामागची मोठी कारणं.

दम्यात नेमकं काय बिघडतं

फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज असते. ही सूज जुनाट असते, म्हणजे धाप लागत नाही त्या दिवशीही ती तिथेच असते. अशा सुजलेल्या नळीला धूळ, धूर, थंड हवा, सर्दी किंवा परागकण लागले की भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. नळी अरुंद होते. श्वास आत घेता येतो, पण बाहेर सोडताना शिटी वाजते. सहसा पहाटे जास्त.

यावरून औषधांचे दोन प्रकार ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक ‘नळी उघडणारं’. यातलं आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचं सॅल्ब्युटामॉल. ते काही मिनिटांत आवळलेले स्नायू सैल करतं आणि चार-सहा तासांत त्याचा अंमल उतरतो. दुसरं ‘सूज उतरवणारं’, म्हणजे ओढून घ्यायचं स्टेरॉइड, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. याचा गुण लगेच जाणवत नाही, दिवस-आठवडे लागतात, पण मूळ दुखण्यावर काम हेच करतं. दम्याच्या उपचारांसाठी जगभर जी मार्गदर्शक तत्त्वं मानली जातात त्यांनी २०१९ पासून सांगितलंय की मोठ्या माणसांनी आणि १२ वर्षांपुढच्या मुलांनी नुसत्या नळी उघडणाऱ्या पंपावर, म्हणजे इन्हेलरवर, राहू नये. धाप बसते, पण सूज वाढत राहते.

आणखी एक. प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. क्षयरोग, हृदयाचं दुखणं, वर्षानुवर्षांच्या बिडीनं किंवा चुलीच्या धुरानं निकामी होत गेलेली फुप्फुसं यांतही दम लागतो. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत दुखून धाप लागली तर काढा करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. दमा आहे की नाही हे फुंकून करायच्या तपासणीत कळतं, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. नळी उघडणारं औषध देण्याआधी आणि दिल्यावर जोरात फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिली, या दोन्ही मापांनी वाढली तर दम्याच्या निदानाला बळ मिळतं. ही तपासणी एकदा तरी करून घ्यावी. आपल्याकडे कित्येकांच्या दम्याचं निदान आजही शेजारणीनं केलेलं असतं.

झाडपाल्यात औषध असतं का?

असतं. आधुनिक वैद्यकानं दम्यावरची निम्मी शिदोरी झाडांकडूनच आणलीय म्हटलं तरी फार चूक होणार नाही.

धोतरा घ्या. उकिरड्यावर, पडीत, महादेवाच्या देवळामागे कुठेही उगवतो. वाळलेलं पान चिलमीत घालून ओढलं की धाप बसते, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. १८०२ च्या सुमारास ही रीत मद्रासहून इंग्लंडात पोचली आणि पुढे शंभरेक वर्षं तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि त्याची भावंडं असलेली द्रव्यं असतात, ती नळीचे स्नायू सैल करतात. फवारणीची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात जे ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, ते हेच. याच ॲट्रोपिनच्या रेणूत फेरफार करून इप्राट्रोपियम तयार झालं. आज तातडीच्या वेळी वाफेच्या मशीनमधून ते देतात.

अडुळसा तर जवळपास प्रत्येक वाडीत सापडेल. त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन बनलं आणि त्याच्या पोटी अँब्रॉक्सॉल आलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ही दोन नावं तुम्ही वाचली असतील. दोन्ही कफ पातळ करतात. इजिप्तकडच्या खेला नावाच्या रोपावरून १९६० च्या दशकात क्रोमोग्लिकेट निघालं. ते शोधणारे डॉक्टर रॉजर आल्टून्यान स्वतःच दमेकरी होते. ज्याची आपल्याला ॲलर्जी आहे तेच मुद्दाम हुंगून ते स्वतःला धाप आणत आणि एकेक रसायन स्वतःवर तपासत. चीनमधल्या मा-हुआंग या झुडपानं एफेड्रिन हे नळी उघडणारं औषध दिलं.

मग सरळ पानच का खाऊ नये?

कारण पानावर मात्रा लिहिलेली नसते. एकाच धोतऱ्याच्या कोवळ्या पानात, जून पानात आणि बियांत विषाचं प्रमाण वेगळं असतं. बाजूच्या झाडात आणखी वेगळं. धाप बसवणारी मात्रा आणि भ्रम करणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. तोंड कोरडं पडतं, बुबुळं मोठी होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, छातीचे ठोके वाढतात. इप्राट्रोपियम वेगळं का? तर त्याचा रेणू असा बदललाय की ओढून घेतल्यावर तो नळीत काम करतो आणि रक्तातून मेंदूकडे फारसा जातच नाही. शहाण्या माणसानं झाडातून घ्यायचं ते घेतलं आणि टाकायचं ते टाकलं. धोतऱ्याचं पान ओढणं मी कुणालाही सुचवणार नाही, अडीनडीलाही नाही.

मा-हुआंगचं तेच झालं. त्यापासून केलेल्या पूरक गोळ्यांवर अमेरिकेनं २००४ साली बंदी घातली, कारण त्या घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना घडू लागल्या होत्या. आता पूरक या शब्दाचा अर्थ एकदाच सांगून टाकतो. इंग्रजीत ज्याला सप्लिमेंट म्हणतात ते, म्हणजे जेवणाला जोड म्हणून घ्यायची गोळी, पावडर किंवा अर्क. कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, औषध नाही.

“पण मला फरक पडला, त्याचं काय?”

हा सगळ्यांत जोरकस आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण सांगणारा खोटं बोलत नसतो.

२०११ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दम्याच्या रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी चार प्रकारे हाताळलं. एकदा सॅल्ब्युटामॉलचा खरा पंप, एकदा औषधच नसलेला तसाच दिसणारा पंप, एकदा टोचल्याचा नुसता आव आणलेलं ॲक्युपंक्चर, आणि एकदा काहीच नाही, नुसतं बसवून ठेवलं. नंतर विचारलं, किती बरं वाटतंय? खऱ्या पंपानं साधारण ५० टक्के बरं वाटलं. रिकाम्या पंपानं ४५ टक्के. लुटुपुटुच्या ॲक्युपंक्चरनं ४६ टक्के. नुसतं बसवलेल्या दिवशी २१ टक्के. म्हणजे रुग्णांच्या तोंडून ऐकलं तर खरा पंप आणि रिकामा पंप सारखेच! मग त्यांना फुंकायला लावलं. खऱ्या औषधानं फुंक २० टक्क्यांनी सुधारली. बाकी तिन्ही वेळा सुमारे ७ टक्क्यांनी.

हे आकडे दोनदा वाचा. रिकाम्या पंपानं बरं वाटलेल्या माणसाच्या नळ्या जवळपास तितक्याच आवळलेल्या होत्या. बरं वाटणं खरं होतं, नळी उघडणं झालंच नव्हतं. कोजागिरीच्या चांदण्यात, देवाच्या आवारात, आपल्यासारख्याच शेकडो लोकांच्या शेजारी बसून खीर पोटात गेली की बरं वाटणारच. त्यात लबाडी नाही. पण त्या भरवशावर घरी येऊन पंप फडताळात टाकला तर सुजलेली नळी आणखी सुजणार, आणि धोका टळला असं वाटत असतानाच अटॅक येणार.

दुसरं असं की दमा स्वतःच वर-खाली होतो. माणूस उपाय शोधायला निघतो तो सगळ्यांत जास्त त्रास होत असतो तेव्हा. त्यानंतर काही न करताही बऱ्याच वेळा उतार पडतो. तो उतार त्या आठवड्यात घेतलेल्या औषधाच्या नावावर जमा होतो.

दमवेल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वेलीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीतल्या डॉक्टरांनी रुग्णांना रोज एक पान, सहा दिवस, चावून खायला दिलं. बऱ्याच जणांना गुण आल्याचं दिसलं. जीभ हुळहुळणं, मळमळ, उलटी हेही झालं, पण आशा मोठी होती. पुढे १९७९ मध्ये कुणाला खरं औषध आणि कुणाला खोटं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही अशी चाचणी झाली. तीत दमवेलीचा फरक दिसला नाही. हा आयुर्वेदाचा पराभव वगैरे म्हणायचं काही कारण नाही. पंपातल्या प्रत्येक औषधालाही याच परीक्षेला बसावं लागलंय आणि ॲलोपॅथीची कित्येक औषधं तीत नापास झालीत.

आता एकेक जिन्नस

सालईपासून सुरुवात करतो, कारण ती आपली. मेळघाटाच्या डोंगरउतारांवर तिची झाडं आहेत. तिच्या डिंकातली आम्लं शरीरातली सूज वाढवणारी एक साखळी अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ४० रुग्णांना हा डिंक ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा आठवडे दिला. ७० टक्क्यांत सुधारणा दिसली, खोटं औषध घेतलेल्यांत २७ टक्क्यांत. आकडे चांगले आहेत, पण ४० माणसांवरून रोजचा पंप सोडायला सांगता येत नाही. गंमत अशी की हाच डिंक आपण धूप म्हणून जाळतो, आणि त्या धुरानं बंद खोलीत दमेकऱ्याचा जीव कासावीस होतो. तेव्हा संध्याकाळी देवापुढे निखाऱ्यावर धूप टाकायचा असेल तर दमा असलेल्या माणसाला अंगणात बसवा.

हळद. भाजीत, दुधात खुशाल घ्या. तिच्यातलं कुरकुमिन सूज कमी करतं हे काचेच्या नळीत खरं, पण पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. अशा जास्त ताकदीच्या कॅप्सूलनं काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वेगळाच. कलौंजीवर लहान-लहान चाचण्या झाल्या आहेत, थोडा फायदा दिसतो, त्यापुढे फारसं सांगण्यासारखं नाही.

ड जीवनसत्त्वाची कहाणी डॉक्टरांनाही नम्र करणारी आहे. सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या एका नामांकित आढाव्यानं २०१६ साली म्हटलं की ड जीवनसत्त्वानं दम्याचे मोठे अटॅक कमी होतात. गोळ्यांची विक्री वाढली. मग आणखी चाचण्या आल्या, आणि त्याच आढाव्याची २०२३ ची आवृत्ती म्हणाली की तसा फायदा दिसत नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, दम्याच्या आशेवर नको.

जवसाची चटणी हा आपला अभिमानाचा विषय. जवसात ओमेगा-३ असतं, माशाच्या तेलातही असतं, पण दम्यात त्यांचा भरवशाचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. चटणी खा, चटणी म्हणून. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तेच. मात्र संत्रं सोडू नका. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये दम्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट रोज पाच वेळा भाजी आणि दोन वेळा फळ खाणारा, दुसरा फार कमी खाणारा. कमी खाणाऱ्यांत दमा बळावण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. त्याच प्रयोगात टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्याही देऊन पाहिल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. थोडक्यात तरोटा, चिवळ, घोळ, अंबाडी, संत्रं, पेरू हे ताटात असावं. डब्यातून विकत आणलेला त्यांचा अर्क म्हणजे ती गोष्ट नव्हे.

कोरा चहा, काळी कॉफी. यात खरंच दम आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन हे थिओफायलिन या दम्याच्या जुन्या औषधाचं जवळचं नातलग. कॅफीननं नळी थोडी उघडते आणि परिणाम चार तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणून तर स्पायरोमेट्रीच्या आधी चहा घेऊ नका म्हणतात. पण ‘थोडी’ या शब्दावर जोर आहे. अटॅकमध्ये चुलीवर आधण ठेवण्यात वेळ घालवू नये.

मॅग्नेशियमबद्दलही घोटाळा होतो. गंभीर अटॅकमध्ये दवाखान्यात शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्यानं काही रुग्णांचं भरती होणं टळतं. त्यावरून मॅग्नेशियमच्या गोळ्या विकल्या जातात. शिरेतून दिलेल्याचा गुण पोटातून घेतलेल्या गोळीला आपोआप येत नाही. प्राणायामानं रोजचं जगणं थोडं सुकर होतं असं चाचण्यांत दिसतं, खर्चही नाही, धोका नाही. जरूर करा. फक्त धाप लागलेली असताना कपालभाती नको.

नैसर्गिक आहे, मग अपाय काय होणार?

ज्येष्ठमध बेतानं चघळलं तर बरं, पण महिनोन्महिने भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. सॅल्ब्युटामॉलनंही पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडच्या गोळीनंही. तिन्ही एकत्र आले की हृदयाची लय बिघडू शकते. पिंपळीतलं पायपरिन थिओफायलिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि थिओफायलिन जास्त झालं की उलट्या, धडधड, झटके. अडुळशातल्या व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईनं अडुळशाचा काढा घेऊ नये. रॉयल जेली नावाच्या मधमाशांच्या पदार्थानं दमेकऱ्यांना जीवघेणी ॲलर्जी आल्याच्या, क्वचित मृत्यूच्याही नोंदी आहेत. परागकणांच्या गोळ्या तर ज्याला परागकणांचीच ॲलर्जी आहे त्यानं घ्यायच्या म्हणजे कमाल झाली.

पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती पुडीची. कागदात बांधलेली करडी किंवा पांढरट भुकटी, वर नाव नाही, आत काय ते नाही, ‘शंभर टक्के जडीबुटी’ एवढं तोंडी आश्वासन. दोन दिवसांत धाप गायब, भूक खवळते, अंगात ताकद आल्यासारखी वाटते. झाडपाल्याचा असा गुण दोन दिवसांत येत नाही. असा चमत्कार दिसला की स्टेरॉइडची शंका घ्यावी. अशा भुकट्यांच्या तपासणीत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन वेळोवेळी सापडलेलं आहे. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, दंड-मांड्या बारीक आणि पोट मोठं होतं, कातडीवर जांभळे डाग येतात, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. लोक म्हणतात, “तब्येत सुधारली.” सर्वांत वाईट म्हणजे पुडी एकाएकी बंद केली तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली, माणूस दगावूही शकतो. म्हणून अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती घाईनं फेकू नका. कागदासकट घेऊन डॉक्टरकडे जा आणि किती दिवस घेतली ते सांगा. लाजायचं काही कारण नाही.

बाटलीबंद मालाबद्दल कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्ये जे आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे. दमा त्यात आहे. पूरक आहाराच्या डब्यावर २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची ओळ इंग्रजीत छापावीच लागते. डबा फिरवून बघा, बारीक अक्षरात असेल. पुढच्या बाजूला फुप्फुसांचं मोठं चित्र असतं, ही ओळ मागे असते.

“पंपाची सवय लागते”

गावात पंप म्हणजे शेवटचा उपाय समजतात. “पंप लागला म्हंजे आता काही खरं नाही,” असं म्हातारी माणसं म्हणतात. लग्नाच्या मुलीचा पंप तर पाहुणे येणार त्या दिवशी कोठीत दडवला जातो.

तुमच्या शेतातल्या ठिबकचा विचार करा. पाटानं पाणी सोडलं की धुऱ्यापर्यंत सगळं रान भिजतं, तणही पोसतं, आणि झाडाच्या मुळाशी थोडंच जातं. ठिबकनं जेवढं हवं तेवढं थेट मुळाशी. सॅल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, ती पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जाते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका दाबात असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या लहान गोळीच्या विसाव्या हिश्श्याइतकं, आणि ते थेट नळीत. स्टेरॉइडचंही तसंच. जे लोक पंपातल्या स्टेरॉइडला भितात तेच पुडीतून त्याच्या कित्येक पट स्टेरॉइड विनातक्रार खात असतात.

रोज लागतो म्हणजे सवय नव्हे. रक्तदाबाची गोळीही रोज लागते. दमा काही महिने ताब्यात राहिला की डॉक्टर मात्रा कमी करत आणतात. तोंडात छाले पडू नयेत म्हणून स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य.

गुण येत नाही अशी तक्रार असेल तर आधी पद्धत बघा. दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसला नाही तर औषध जिभेवरच राहतं. त्यासाठी स्पेसर म्हणजे मध्ये एक पोकळ डबा लावतात. तो विकत मिळतो, पण ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीचाही करता येतो, आणि तो विकतच्या इतकाच काम करतो हे दक्षिण आफ्रिकेत लहान मुलांवर करून १९९९ साली सिद्ध झालंय. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडायचं. तापवलेल्या तारेनं ते नीट होतं. पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टीनं बुजवायची. साबणाच्या पाण्यानं धुऊन न पुसता वाळवायची, पुसल्यानं औषध भिंतीला चिकटतं. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, एक दाब द्यायचा, सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे. मग दुसरा दाब.

पंप परवडत नाही हा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला उपदेशानं उत्तर देता येत नाही. सॅल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ग्रामीण रुग्णालयात मागा, नसेल तर कधी येईल ते विचारा, जनऔषधी केंद्रात किंमत बघा. आणि खिरीच्या, माशाच्या, पुडीच्या वारीला गाडीभाड्यासकट किती गेले तोही हिशेब मांडा.

खाण्यापेक्षा हुंगण्याकडे बघा

पूरक गोळ्यांवर एवढी चर्चा होते आणि हडंब्याच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या, धुळीवर होत नाही, याचं मला नवल वाटतं. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी अचानक शेकडो लोकांना दम्याचे अटॅक येत, काही दगावत. अशा २६ लाटा आल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की त्या त्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जात होतं. एका कोठारावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती, आणि सोयाबीनच्या टरफलांची धूळ वाऱ्यानं शहरावर पसरत होती. गाळण्या बसवल्या, साथ थांबली. कुणालाही काढा पाजावा लागला नाही.

आपण त्या धुळीत उभे असतो. दसरा-दिवाळीत हडंबा चालू असतो, कुटार म्हणजे भुसा उडत असतो, आणि तोंडाला असतो फक्त दुपट्टा, ज्यातून बारीक धूळ आरपार जाते. ज्याला दमा आहे त्यानं हडंब्याच्या तोंडाशी किंवा वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नये, एन-९५ मास्क लावावा, कुटाराचा ढीग झोपायच्या खोलीला लागून रचू नये. पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल शक्य तर बाहेर. गॅस घरात आहे पण सिलिंडर भरायला पैसे नाहीत ही अडचण मला ठाऊक आहे, तरी निदान दमेकरी बाईला फुंकणी धरायला लावू नका. गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटावं, आणि दमेकऱ्यानं ते काम दुसऱ्याला द्यावं. बिडी तर सोडायचीच, स्वतःची आणि घरातल्या दुसऱ्याचीही.

डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगायचं का?

सांगायचंच. ते रागावतील म्हणून लपवू नका. तुळस-आल्याचा चहा, मध, हळदीचं दूध, वैद्यांनी लिहून दिलेलं चूर्ण, सगळं सांगा. सितोपलादीत खडीसाखर असते, मधुमेह असेल तर तेही. शिकलेल्या वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही पंप चालू असल्याचं सांगा. अट एकच, कुणाच्याही सांगण्यावरून रोजचा सूज उतरवणारा पंप आपल्या मनानं थांबवायचा नाही.

घरी थांबायचं नाही ती वेळ

एक वाक्य एका दमात बोलता येत नाही. ओठ किंवा नखं निळसर दिसतात. फासळ्यांमधली आणि गळ्याखालची कातडी श्वासासोबत आत ओढली जाते. पंप घेऊनही उतार नाही किंवा तासाभरात पुन्हा लागतो. घरघर एकदम थांबली पण माणूस गळून गेलाय, झोपाळतोय. हे शेवटचं सगळ्यांत फसवं, कारण घरच्यांना वाटतं बरं पडलं. यातलं एकही दिसलं तर १०८ लावा, नाही तर मिळेल ती गाडी घ्या. माणसाला आडवं पाडू नका, पुढे वाकून बसू द्या. भोवतीची गर्दी हटवा, खिडकी उघडा. वाटेत बाटलीच्या स्पेसरमधून सॅल्ब्युटामॉलचे ४ ते १० दाब, एकेक करून, प्रत्येकानंतर चार-पाच श्वास, आणि पहिल्या तासात दर २० मिनिटांनी पुन्हा. जे काही घेतलं असेल त्या पुड्या, बाटल्या आणि चिठ्ठ्या एका पिशवीत घालून सोबत न्या.